इयरप्लग दिला, पण तो बसला का? श्रवणसंरक्षण मोजणाऱ्यांचे प्रशिक्षण

गोंगाटाच्या ठिकाणी काम करणाऱ्याच्या हाती इयरप्लग ठेवला की मालकाचे कर्तव्य संपले, अशी समजूत औद्योगिक जगतात दीर्घकाळ रूढ आहे. त्या प्लगने त्या विशिष्ट माणसाच्या कानात प्रत्यक्ष किती आवाज अडवला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजेच ‘नायॉश’ने, फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धोरणविषयक निवेदनात नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी आणला. इयरप्लग किंवा इयरमफ वापरणाऱ्या प्रत्येक कामगाराला त्या साधनापासून मिळणारे संरक्षण व्यक्तिशः आणि संख्येत मोजावे, अशी शिफारस या संस्थेने केली आहे. या मोजणीला ‘फिट टेस्ट’ म्हणतात. मोजणीची यंत्रे आता बाजारात मिळतात. मात्र ती हाताळणारा, निकालाचा अर्थ लावणारा आणि कामगाराला प्लग बसवायला शिकवणारा माणूस तयार करणे हे यंत्र विकत घेण्यापेक्षा कठीण काम आहे.

नुकसान झाल्यानंतर कळते

मोठ्या आवाजामुळे अंतर्कर्णातील केशपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ही हानी हळूहळू होते. वेदना नसते, रक्त येत नाही, त्यामुळे कामगार डॉक्टरकडे जात नाही. पाळी संपल्यावर कानाला दडे बसल्यासारखे वाटते, सकाळपर्यंत बरे वाटते, आणि काही वर्षांनी ते बरे वाटणे थांबते. सामान्यतः पहिला आघात ३००० ते ६००० हर्ट्झ या उच्च कंप्रतेच्या पट्ट्यावर, विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपास होतो. माणसाला आवाज ऐकू येत राहतो, पण शब्द कळेनासे होतात. ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरक पुसट होतो. घरातील माणसे मोठ्याने बोलू लागतात. कानात सतत शिट्टी वाजत राहण्याची व्याधीही अनेकांच्या वाट्याला येते.

कारखान्यांत वर्षातून एकदा श्रवणचाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री, करण्याची पद्धत अनेक देशांत आहे. ही चाचणी आवश्यक आहे. तथापि तिची मर्यादा उघड आहे. श्रवण घटले आहे, हे ती श्रवण घटल्यानंतर सांगते. फिट टेस्ट नुकसान होण्यापूर्वीची परिस्थिती दाखवते. प्लग सैल बसला असेल तर ते त्याच दिवशी कळते आणि त्याच बैठकीत दुरुस्त करता येते. या मोजणीचे खरे महत्त्व यातच आहे.

वेष्टनावरील आकडा आणि कानातील आकडा

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक श्रवणसंरक्षक साधनाच्या वेष्टनावर ‘नॉइज रिडक्शन रेटिंग’ अर्थात ‘एनआरआर’ हा डेसिबलमधील आकडा छापणे १९७९ च्या एका नियमाने बंधनकारक केले. तो नियम पर्यावरण संरक्षण संस्थेचा. आकडा ठरवण्याची पद्धत १९७४ च्या मानकानुसार आहे. शांत प्रयोगशाळेत मोजक्या दहा व्यक्तींच्या कानांत प्लग बसवून मोजमाप घेतले जाते, आणि तो प्लग बसवतो प्रयोग करणारा तज्ज्ञ. साहजिकच आकडा उत्तम येतो. कारखान्यात पहाटेच्या पाळीला, घाईत, तेलकट हातांनी बसवलेला प्लग त्याच्या जवळपासही जात नाही. २००९ मध्ये हे लेबल बदलण्याचा प्रस्ताव त्या संस्थेने मांडला होता. तो कधीच अंतिम झाला नाही. परिणामी पन्नास वर्षांपूर्वीच्या मानकातून निघालेला आकडा आजही वेष्टनावर दिमाखाने झळकतो.

तज्ज्ञांना ही तफावत ठाऊक नव्हती असे नाही. त्यांनी त्यावर कपातीचा उपाय काढला. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने, म्हणजे ‘ओशा’ने, आपल्या निरीक्षकांना दिलेल्या मार्गदर्शनानुसार छापील आकड्यातून ७ वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे करायचे. प्लगवर २९ छापले असेल तर २२ चे निम्मे, म्हणजे ११ डेसिबल संरक्षण धरायचे. ९५ डेसिबलच्या विभागात काम करणाऱ्याच्या कानापर्यंत ८४ डेसिबल पोहोचतात, असा हिशेब होतो. नायॉशने १९९८ मध्ये आणखी बारीक वर्गवारी सुचवली होती. इयरमफच्या आकड्यातून २५ टक्के, वळून बसवण्याच्या फोम प्लगच्या आकड्यातून ५० टक्के आणि इतर प्लगच्या आकड्यातून ७० टक्के कपात करावी, असे त्यात म्हटले होते.

सरासरीने कोणाचेच कान वाचत नाहीत. एकाच विभागातील दोन कामगार एकाच खोक्यातले प्लग वापरतात. एकाला २५ डेसिबल संरक्षण मिळते आणि दुसऱ्याला ५. पहिल्याच्या बाबतीत कपातीचा हिशेब उगाच कडक ठरतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत धोकादायक रीतीने सैल. ९५ डेसिबलच्या त्याच विभागात दुसऱ्याच्या कानावर ९० डेसिबल आदळत राहतात आणि कागदावर मात्र तो सुरक्षित असतो. २०२५ च्या निवेदनात नायॉशने सरसकट कपातीची जागा प्रत्यक्ष मोजणीला दिली, ती याच कारणाने.

आकड्यांचा धाक समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घेणे इष्ट आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. नायॉशच्या निकषानुसार ८५ डेसिबलमध्ये ८ तास काम चालते. आवाज प्रत्येक ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला अवघी १५ मिनिटे. म्हणून ५ डेसिबलची गळती किरकोळ नसते.

मोजणी कशी होते

सध्या तीन प्रकारच्या पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत दोन सूक्ष्म मायक्रोफोन असतात. एक कानाबाहेरचा आवाज टिपतो. दुसरा प्लगमधून गेलेल्या बारीक नळीद्वारे आतला. दोहोंतील फरक संगणक काढतो. हे काम प्रत्येक कानाला काही सेकंदांत आटोपते आणि कामगाराला उत्तर द्यावे लागत नाही. अडचण अशी की त्यासाठी नळी बसवलेले खास चाचणी-प्लग लागतात. कामगार रोज वापरतो तो प्लग जसाच्या तसा मोजता येत नाही.

दुसरी पद्धत श्रवणचाचणीशी नाते सांगते. मोठे हेडफोन लावून कामगाराला मंद ध्वनी ऐकवले जातात. प्लगशिवाय सर्वांत मंद कोणता ऐकू आला आणि प्लग घातल्यावर कोणता, यातील फरक म्हणजे संरक्षण. कोणताही प्लग मोजता येतो, हा तिचा मोठा गुण. वेळ मात्र काही मिनिटे लागतो आणि खोली शांत हवी. नायॉशने सिनसिनाटी येथील आपल्या प्रयोगशाळेत विकसित केलेली ‘एचपीडी वेल-फिट’ ही प्रणाली याच प्रकारातील आहे. मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींवर हेलिकॉप्टरने जाणाऱ्या, लुइझियाना आणि टेक्सासमधील सरकारी निरीक्षकांची तपासणी तिच्या साहाय्याने करण्यात आली. ज्यांचे संरक्षण प्रथम अपुरे आढळले त्यांना शिकवून पुन्हा मोजल्यावर सुधारणा दिसून आली, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. सुरक्षेची तपासणी हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनाही शिकवणीची गरज भासली, ही बाब बोलकी आहे.

तिसऱ्या पद्धतीत दोन कानांतील आवाज समान वाटेपर्यंत कामगार स्वतः तो कमी-जास्त करतो; प्रथम प्लगशिवाय, मग एका कानात प्लग घालून, मग दोन्ही कानांत.

पद्धत कोणतीही असो, शेवटी एक आकडा हाती येतो. त्याला ‘पर्सनल अटेन्युएशन रेटिंग’, अर्थात व्यक्तिगत ध्वनिक्षीणन मूल्य, असे नाव आहे. या यंत्रांनी कोणत्या कसोट्या पार कराव्यात, याचे अमेरिकी मानक २०१८ मध्ये आले.

प्रशिक्षणात काय शिकवतात

यंत्राची कळ दाबणे अर्ध्या तासात येते. प्रशिक्षणाचा भर वेगळ्या गोष्टींवर असतो.

सर्वप्रथम कान पाहणे. कर्णनलिका सरळ नळी नसते. ती वळणदार असते, प्रत्येकाची निराळी असते, आणि एकाच माणसाच्या दोन कानांतही फरक आढळतो. ओटोस्कोपने आत पाहून मळ साचला आहे काय, त्वचा लाल आहे काय, पू आहे काय, हे तपासावे लागते. पू किंवा जखम दिसल्यास चाचणी थांबवून कामगाराला वैद्याकडे पाठवायचे. त्या कानात प्लग घालायचाच नाही. सुरक्षा अधिकारी डॉक्टर नसतो. कोठे थांबायचे, हे शिकणे त्याच्या प्रशिक्षणाचा महत्त्वाचा भाग आहे.

त्यानंतरचा नियम नवख्या प्रशिक्षकाला सर्वाधिक जड जातो. पहिल्या मोजणीपूर्वी कामगाराला काहीही शिकवायचे नाही. तो रोज जसा प्लग घालतो तसाच घालू द्यायचा आणि मोजायचे. प्लग वाकडा बसला आहे हे दिसत असूनही हात पुढे करायचा नाही. पहिला आकडा वास्तवाचा आरसा असतो. प्रशिक्षकाने आधीच मदत केली तर तो प्रयोगशाळेतील तज्ज्ञाचीच भूमिका वठवतो आणि वेष्टनावरील आकड्याची चूक नव्याने जन्माला येते.

शिकवणी सुरू होते ती आकडा कामगाराला दाखवल्यानंतर. फोमचा प्लग देवासाठी वात वळावी तसा दोन बोटांत, सुरकुती पडू न देता, शक्य तितका बारीक वळायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कर्णनलिका सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि तो फुगून बसेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. साधारणतः अर्धे ते एक मिनिट. या तीन कृतींपैकी दुसरी बहुतेकांना कोणी सांगितलेलीच नसते. ती न करता घातलेला प्लग नलिकेच्या तोंडाशीच अडकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की सर्व ठीक आहे.

पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर त्याच प्लगने काम भागते. वाढला नाही तर दोष माणसाचा नव्हे, प्लगचा धरायचा; लहान आकाराचा, वेगळ्या घडणीचा, झालरीचा किंवा इयरमफचा पर्याय द्यायचा. बारीक कर्णनलिकेच्या अनेकांना, त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे, सर्वांसाठी एकाच मापाचा म्हणून वाटलेला प्लग बसतच नाही. पर्याय समोर नसतील तर फिट टेस्ट हा निव्वळ उपचार ठरतो. त्यामुळे प्रशिक्षणार्थीला यंत्राइतकीच निरनिराळ्या प्लगांची पेटी हाताळायला शिकवतात.

जास्तीत जास्त आकडा हे उद्दिष्ट नाही, हेही प्रशिक्षणार्थीच्या मनावर बिंबवावे लागते. संरक्षणानंतर कानापर्यंत ७० डेसिबलपेक्षा कमी आवाज पोहोचत असेल तर ते युरोपीय मार्गदर्शनानुसार अतिसंरक्षण मानले जाते. असा कामगार क्रेनची घंटा किंवा फोर्कलिफ्टचा भोंगा ऐकू शकत नाही. शेजाऱ्याचे बोलणे ऐकण्यासाठी तो प्लग काढतो आणि सगळा हिशेब कोसळतो. तो हिशेब कसा कोसळतो, हे फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे. ३० डेसिबल अडवणारा प्लग ८ तासांच्या पाळीत केवळ अर्धा तास काढून ठेवला, तर संपूर्ण पाळीचे परिणामी संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येते. दिवसभर न काढता वापरता येणारा २० डेसिबलचा प्लग त्याहून पुष्कळ बरा.

राहिला भाग नोंदींचा. कोणता प्लग, कोणते माप, पहिला आकडा, शिकवणीनंतरचा आकडा, विभागातील आवाज. एवढे लिहिले की वार्षिक श्रवणचाचणीच्या कागदाशेजारी ते ठेवता येते. कोणाचे श्रवण घसरले तर कारण शोधण्यास आधार मिळतो.

कोणाला प्रशिक्षण द्यायचे

अमेरिकेत श्रवणसंरक्षणाचे तंत्रज्ञ प्रमाणित करणारी परिषद १९७३ पासून कार्यरत आहे. तिचा मूळ अभ्यासक्रम २० तासांचा असून प्रमाणपत्राची मुदत ५ वर्षे असते. यंत्रांचे उत्पादकही आपापल्या प्रणालीचे शिक्षण देतात. तथापि विक्रेत्याने दिलेले शिक्षण त्याच्या मालापुरते राहण्याची शक्यता असते, हे ध्यानात ठेवणे बरे. मोठ्या कंपन्यांत एक तज्ज्ञ तयार करून त्याच्याकरवी प्रत्येक विभागातील पर्यवेक्षकांना शिकवले जाते.

कायद्याची स्थिती मात्र विसंगत आहे. श्वसनसंरक्षक मुखवटा घट्ट बसतो की नाही, याची फिट टेस्ट ओशाने सक्तीची केली आहे. इयरप्लगच्या बाबतीत ‘सुरुवातीला नीट बसवून द्यावा आणि योग्य वापरावर देखरेख ठेवावी’ एवढेच बंधन आहे. मोजण्याची सक्ती नाही. नायॉश ही संशोधन आणि शिफारस करणारी संस्था असून नियम करण्याचा अधिकार तिला नाही. विषारी वायूने माणूस डोळ्यांदेखत कोसळतो, बहिरेपण वीस वर्षांनी येते; नियमांतील हा फरक बहुधा त्यामुळेच टिकून आहे.

या मोजणीचा गैरवापरही संभवतो. ‘तुमचा आकडा कमी आला, म्हणजे चूक तुमची’ असे म्हणून जबाबदारी कामगाराच्या गळ्यात घालणे व्यवस्थापनाला सोयीचे असते. सुरक्षाशास्त्रातील क्रम याच्या उलट आहे. आधी आवाजाचा उगम शांत करावा, यंत्राला आवरण घालावे, माणसाचा तेथील वेळ कमी करावा. प्लगचा क्रमांक शेवटचा. शिवाय एकाच माणसाने लागोपाठ दोनदा घातलेल्या प्लगच्या आकड्यांतही काही डेसिबलचा फरक पडतो. एकच मोजणी म्हणजे आयुष्यभराचे प्रमाणपत्र नव्हे.

भारतातील चित्र

भारतात आवाजजन्य बहिरेपण हा कायद्याने नोंदवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांपैकी एक आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचा समावेश होता; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्येही तो आहे. जुन्या अधिनियमाखालील नियमांनी ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली होती. नायॉशच्या ८५ च्या निकषापेक्षा ती ५ डेसिबलने सैल आहे.

सुरक्षा अधिकाऱ्यांना शिक्षण देण्याची व्यवस्था देशात जुनी आहे. मुंबईत शीव येथे असलेली केंद्रीय श्रम संस्था आणि चेन्नई, कोलकाता, कानपूर, फरिदाबाद व शिलाँग येथील प्रादेशिक संस्था हे त्याचे प्रमुख आधार होत. फिट टेस्टचे शिक्षण रुजवायचे तर त्यासाठी नवी इमारत उभारण्याची गरज नाही. औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेत यंत्र, प्लगांची पेटी आणि काही तासांचे प्रात्यक्षिक यांची भर घालणे शक्य आहे.

खरी अडचण पदविकेच्या बाहेर आहे. जुन्या कायद्यानुसार एक हजार कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता; नव्या संहितेने ही संख्या ५०० वर आणली, धोकादायक प्रक्रियांसाठी २५०. हा बदल स्वागतार्ह आहे. पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी किंवा सुरतच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये, जेथे आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो आणि कानठळ्या बसवणारा खणखणाट दोन्ही पाळ्यांत थांबत नाही, तेथे एका छपराखाली इतकी माणसे नसतात. तेथे सुरक्षा अधिकारीच नाही, तर प्रशिक्षित कोणाला करणार? वस्त्रोद्योग संघटना, कामगार विमा रुग्णालये किंवा फिरते पथक यांच्यामार्फत एकच यंत्र अनेक शेडमध्ये नेणे हा एक मार्ग दिसतो. कापसाचा बोळा किंवा गुंडाळलेला फडका कानात घालून काम करणाऱ्यांना तो बोळा किती कमी आवाज अडवतो, हे आकड्यात दाखवले तर पटण्याची शक्यता व्याख्यानापेक्षा अधिक आहे.

यंत्र नसेल तेथेही प्रशिक्षकांना काही साध्या खुणा शिकवल्या जातात. नीट बसलेला फोम प्लग समोरून पाहणाऱ्याला जवळजवळ दिसत नाही. प्लग घातल्यावर स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. दोन्ही बाजूंनी तो सारखा घुमला पाहिजे. गोंगाट चालू असताना ओंजळीने दोन्ही कान घट्ट झाकावेत आणि सोडावेत. आवाजात मोठा फरक जाणवला, तर प्लगमधून गळती होत आहे. तो काढून, पुन्हा वळून, कान वर ओढून घालावा. या खुणांवरून डेसिबल कळत नाहीत, म्हणून त्यांना फिट टेस्टचा पर्याय मानले जात नाही. दोन मोजण्यांमधील दिवसांत पाळी सुरू होताना त्या तपासायच्या असतात.